डॉक्टरच का व्हायचं? नर्सिंग, फिजिओ, फार्मसी का नाही?

प्रश्न सिन्नरकडच्या एका मुलीचा आहे. बारावी सायन्स झालीये, नीटचा पहिला अटेम्प्ट दिलाय, मार्क काठावर आलेत. तिने लिहिलंय, "सर, मला पेशंटची सेवा करायचीये. घरचे म्हणतात रिपीट कर पण डॉक्टरच हो. माझी मावशी नाशिकला सिस्टर आहे, ती म्हणते नर्सिंगला ये, चार वर्षांत पायावर उभी राहशील. मग डॉक्टरच का व्हायचं? तुम्ही का झालात?"

मी नाशिकमध्ये एमडी मेडिसिन म्हणून प्रॅक्टिस करतोय त्याला आता वीस वर्षं होतील, त्याआधी एमबीबीएस झाल्या झाल्या पेठ तालुक्यात पीएचसीला, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसर होतो. दोन ओळींत सांगता येण्यासारखं हे नाहीये, म्हणून जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाच.

बाळा, आधी एक स्पष्ट सांगतो. पेशंटची सेवा करायची हे तुझं कारण मोलाचं आहे, पण तेवढ्यासाठी डॉक्टर व्हावं लागत नाही. माझ्या हॉस्पिटलमध्ये पेशंटजवळ दिवसभर कोण असतं ते येऊन बघ एकदा. मी सकाळी राउंडला येतो, एका बेडपाशी पाच मिनिटं, सिरीयस असेल तर पंधरा, संध्याकाळी परत तेवढंच. बाकीचा सगळा वेळ सिस्टर असते. पाठीला बेडसोर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवी किती झाली ते मोजून चार्टवर लिहिणं, रात्री तीनला घाबरून उठलेल्या आजीचा हात धरून बसणं, हे ती करते. शब्दशः सेवा म्हणशील तर ती नर्सची जास्त, आणि हे मी मावशीला खूष करायला लिहीत नाहीये, वीस वर्षं डोळ्यांनी बघतोय म्हणून लिहितोय.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना एकच कसोटी सांगतो. डॉक्टर व्हायचं तू जे कारण देतेस ते नर्सिंगला, फिजिओला, फार्मसीला लावून बघ. तिथेही ते तितकंच लागू पडत असेल तर ते आरोग्य क्षेत्रात यायचं कारण झालं, डॉक्टर व्हायचं नाही. लोकांना मदत करायचीये, मेडिकल आवडतं, बायो आवडतं, समाजात मान मिळतो, ही सगळी कारणं तशी लावून बघ, त्यातलं फार थोडं उरतं.

जे उरतं ते काय, हे मला कॉलेजमध्ये कोणी शिकवलं नाही, ते पेठला कळलं. आणि खरं सांगायचं तर सतराव्या वर्षी मी डॉक्टर व्हायचं ठरवलं ते मार्क चांगले होते म्हणून आणि वडिलांची इच्छा होती म्हणून. कारण नंतर सापडलं.

पावसाळ्याचे दिवस होते, भाताची आवणी चालू होती. पहाटे पाचच्या सुमाराला एका पाड्यावरून बारा वर्षांच्या मुलीला घोंगडीत गुंडाळून बाप आणि काका घेऊन आले. रात्री दोनपासून पोट दुखतंय, दोनदा उलटी झाली, घसा दुखतोय म्हणते. मी तपासलं, पोट मऊ होतं, ताप नव्हता. पावसात गॅस्ट्रोचे पेशंट रोजचेच, मी तेच धरून चाललो, पोटाचं इंजेक्शन सांगितलं, सलाईन लाव म्हटलं आणि हात धुवायला गेलो. आमच्या सिस्टर पन्नाशीच्या होत्या, त्याच पीएचसीत बरीच वर्षं काढलेल्या. त्यांनी मला परत बोलावलं. "सर, पोरीच्या पापण्या बघा. ही झोप नाही वाटत मला."

मी टॉर्च घेऊन बघितलं. तिला म्हटलं डोळे उघड, तिने कपाळाला आठ्या घातल्या पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. म्हटलं थुंकी गिळ, तर ती ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आली. उशीवरून डोकं उचल म्हटलं तर ते उचलता येईना. मग बापाला विचारलं, पोरगी झोपली कुठे होती? म्हणे खालीच, जमिनीवर, सगळेच खाली झोपतो. सगळं अंग टॉर्चने बघितलं, बोटांच्या बेचक्या, केसांत, कानामागे, कुठेच दंशाची खूण नाही, सूज नाही. काचेच्या कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये रक्त घेऊन वीस मिनिटं उभं ठेवलं, ते व्यवस्थित गोठलं, म्हणजे रक्त गोठू न देणारे साप, घोणस आणि फुरसं, बाजूला पडले. राहिला मण्यार. मण्यार रात्रीचा फिरतो, झोपलेल्या माणसाला चावतो, दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही, दुखतही नाही फारसं, आणि पहिली तक्रार कित्येकदा पोटदुखीच असते. मग पापण्या, मग गिळणं, मग श्वास.

आता बघ, इथपर्यंत सिस्टर माझ्या पुढे होत्या. पापण्या त्यांनी बघितल्या, मी चुकवल्या होत्या. पण पुढे त्यांनी ट्रे लावला, सर्पदंशाच्या लशीच्या दहा व्हायल काढून ठेवल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय करायचं सर?"

तो प्रश्न आहे ना, तो मी अजून विसरलेलो नाही. साप कोणी बघितलेला नाही, खूण नाही, आणि ही लस म्हणजे घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं औषध, तिची रिॲक्शन येऊन पेशंट डोळ्यांदेखत जाऊ शकतो. माझा अंदाज चुकला तर धडधाकट पोरीला मी नसत्या धोक्यात घातलं, आणि बरोबर असून मी थांबलो तर तासाभरात तिचा श्वास बंद. विचारायला वर कोणी नाही, लँडलाइन पावसाने बंद पडलेली. मी चोवीस-पंचवीस वर्षांचा. रिॲक्शन आलीच तर म्हणून ॲड्रेनलिनचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवलं, म्हटलं दहाच्या दहा लावा, लहान पोर आहे म्हणून कमी नाही करायच्या कारण सापाने विष काही वय बघून कमी सोडलेलं नसतं, आणि केसपेपरवर लिहून खाली सही केली.

लस चालू ठेवूनच जीपमधून नाशिकला निघालो. सावळघाटात तिचा श्वास उथळ व्हायला लागला, छाती हलेना. मास्क तोंडावर धरून अँबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबायला सुरुवात केली, मी दमलो की सिस्टर, त्या दमल्या की मी, त्या घाटातल्या वळणांवर एकमेकांना धरून. नाशिकला पोचलो तेव्हा ओठ गुलाबी होते, तेवढं एक बघत होतो मी सारखं. तिथे व्हेंटिलेटरवर घेतलं, सहाव्या दिवशी नळी निघाली, अकराव्या दिवशी पोरगी चालत घरी गेली.

ती वाचली त्यात माझ्याइतकाच सिस्टरचा हात होता, कदाचित जास्त. पण "काय करायचं" हा प्रश्न त्या खोलीत एकाच माणसाकडे आला. अपुरी माहिती हातात असताना ठरवणं, आणि ठरवलं त्याच्याखाली आपलं नाव लिहिणं, हे डॉक्टरचं काम आहे. मला त्या पहाटे भीती वाटली, खूप वाटली, पण पळून जावंसं नाही वाटलं, उलट या प्रश्नापाशी उभं राहायला मला आवडेल असं वाटलं, त्यासाठी अजून शिकावंसं वाटलं. म्हणून मग एमडी केलं. तू विचारलंस ना तुम्ही का झालात, तर माझं कारण हे.

आता त्याची दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर अर्धवट सांगितल्यासारखं होईल. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रात्री निफाडकडचे एक शेतकरी आले, पन्नाशीतले, छातीत जळजळ होतेय, जेवण जरा जड झालं होतं. ईसीजी काढला, नॉर्मल होता. अर्ध्या-एक तासाने परत काढायला हवा होता, हार्ट अटॅक कळायची रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करायला हवी होती, त्यांना थांबवून घ्यायला हवं होतं. मी ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. पहाटे चारला परत आणलं तेव्हा काही उरलं नव्हतं. त्या घरी मी नंतर गेलो, त्यांच्या मुलाला जे झालं ते सांगितलं, माझं काय राहिलं तेही सांगितलं. तो काही बोलला नाही, चहा दिला त्याने. तेव्हापासून छातीच्या पेशंटचा पहिला ईसीजी नॉर्मल असला तरी मी दुसरा काढल्याशिवाय सोडत नाही, पण हे शिकायची किंमत त्या घराने दिली. हे ओझं प्रत्येक डॉक्टरकडे असतं, कोणी बोलतं कोणी बोलत नाही. ग्राहक न्यायालय, डॉक्टरांवरचे हल्ले, हे सगळं आहेच, १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून डॉक्टर ग्राहक कायद्यात आले आणि हल्ले थांबवायला महाराष्ट्रात २०१० साली वेगळा कायदा करावा लागला. पण मला विचारशील तर सगळ्यात जड ते कोर्टातलं नसतं, रात्री आपलं आपल्याला आठवतं ते असतं. सही ज्याची, आठवणी त्याच्या.

आणि आनंद? तो पण याच जागेतून येतो. ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत फवारण्या चालू होतात. त्या दिवसांत एक मजूर आला, उलट्या, जुलाब, तोंडाला लाळ, घामाने चिंब, आणि सोबतच्या चिठ्ठीवर गॅस्ट्रो लिहिलेलं. मी बॅटरी डोळ्यात टाकली तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. गॅस्ट्रोत बाहुल्या अशा होत नाहीत. शर्टला नाक लावलं तर औषधाचा उग्र वास. विचारलं तर म्हणाला दिवसभर पाठीवरच्या पंपाने फवारत होतो, पंप गळत होता, पाठ भिजली होती. त्याने औषध प्यायलेलं नव्हतं, कातडीतून गेलेलं होतं. आधी शर्ट काढून साबणाने अंग धुवायला लावलं, मग या विषावरचं औषध ॲट्रोपिन, छातीतली घरघर थांबेपर्यंत डोस वाढवत वाढवत. दुसऱ्या दिवशी तो उठून बसला. विखुरलेल्या तक्रारी, वास, बाहुल्या, गळका पंप, हे सगळं एका धाग्यात बसतं ना, तो क्षण मला वीस वर्षांनीही तितकाच आवडतो. तुला कोडी आवडतात का, आणि ती सुटेपर्यंत झोप लागत नाही का, हे स्वतःला विचार. हे डॉक्टर व्हायचं खरं कारण असू शकतं.

बाकीच्या वाटांबद्दल. फिजिओथेरपीला लोक कमी लेखतात ते मला अजिबात पटत नाही. लकवा झालेला पेशंट साडेचार तासांच्या आत आला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मी देतो, त्याचं श्रेय मला मिळतं, पण तो माणूस स्वतःच्या हाताने शर्टाचं बटण लावायला लागतो ते पुढचे तीन-चार महिने फिजिओ रोज तासभर त्याच्यावर मेहनत घेते म्हणून. तुला माणूस हळूहळू बरा होताना बघायला आवडत असेल, रोज थोडं थोडं, तर ते काम माझ्या कामापेक्षा तुला जास्त समाधान देईल. फार्मसीत औषध बनतं कसं आणि शरीरात जातं कुठे हे शिकायला मिळतं, फक्त मेडिकल दुकान टाकायचं म्हणून बघू नको त्याकडे. लॅब, डायलिसिस, ओटी, रेडिओलॉजी टेक्निशियन, ऑप्टोमेट्री, या सगळ्यांसाठी २०२१ साली केंद्राचा वेगळा कायदा झाला, आता या कोर्सना आधीसारखं कोपऱ्यात ठेवता येणार नाही. आयुर्वेदाबद्दल एवढंच म्हणेन की आयुर्वेद शिकायचाय म्हणून बीएएमएस कर, एमबीबीएस नाही मिळालं म्हणून नको, कारण मनात नसलेली गोष्ट साडेपाच वर्षं शिकणं फार जड जातं आणि पुढे पेशंटवरही अन्याय होतो.

नर्सिंगबद्दल अजून एक. आता उपकेंद्रांवर कम्युनिटी हेल्थ ऑफिसर असतात, त्यात बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलीही आहेत, त्या स्वतः बीपी-शुगरचे पेशंट बघतात, गावाचं आरोग्य सांभाळतात. म्हणजे पूर्वी नर्सला काही ठरवायचं नसतं असं म्हणायचे ते आता तितकं खरं नाही. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळं सांभाळायचं शिकवलं, त्यांच्या कामाचा पेपर १९९९ साली लॅन्सेट या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये आला, कामाच्या तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. बाळाजवळ जाणारी ती बाई डॉक्टर नव्हती. पण तिला काय शिकवायचं, काय मोजायचं, कोणतं औषध तिच्या हाती द्यायचं हे ठरवायला डॉक्टर लागले. तसंच महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या पेशंटवर प्राझोसिन वापरून बघितलं, जे औषध मुळात ब्लडप्रेशरचं, आणि माणसं वाचायला लागली. खेड्यातल्या पीएचसीत बसून जगाला सांगता येईल असं काही शोधता येतं, ही वाट डॉक्टरला मोकळी असते, बाकीच्यांना बंद आहे असं नाही, पण त्यांना तिथे पोचायला जास्त झगडावं लागतं.

आता वर्षं आणि पैसा, कारण घरी हा विषय निघणारच. एमबीबीएस साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेजला असशील तर वर्षभर बॉण्डची सेवा. मग नीट पीजी, तिथे पुन्हा तीच गर्दी, एकदोन वर्षं त्यात जातात बऱ्याच जणांची, मग एमडी-एमएस तीन वर्षं. म्हणजे पक्की स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत तू तिशीत असशील, आणि तोवर तुझ्या वर्गातल्या मुली पुण्यात आयटीत सात-आठ वर्षं नोकरी करून फ्लॅटचे हप्ते भरत असतील. रेसिडेन्सीत छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्युट्या लागतात. फ्रीजमध्ये ठेवलेलं ताट दुसऱ्या दिवशी तसंच, लग्नकार्यं चुकतात, माझी स्वतःच्या बहिणीची हळद चुकली. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांत संपतं, फिजिओ साडेचार-पाचात, आणि चांगल्या नर्सला आज नाशिकमध्येच काय जर्मनी-इंग्लंडलाही मागणी आहे. मावशी जे सांगतेय त्यात तथ्य आहे, ते उडवून लावू नको. प्रायव्हेट कॉलेजच्या मॅनेजमेंट सीटसाठी वडील जमीन विकायचं म्हणत असतील तर माझं मत स्पष्ट नाही असं आहे. कर्जाखाली दबलेला नवा डॉक्टर पेशंटकडे मोकळ्या मनाने बघू शकत नाही, हे मी माझ्याच बरोबरच्यांत बघितलंय.

रिपीट करावं का? नीटला दरवर्षी २२ लाखांच्या वर मुलं बसतायत आणि एमबीबीएसच्या सगळ्या देशातल्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यात सरकारी अजून कमी. ७२० पैकी काठावर आली असशील आणि कुठे कमी पडलीस ते तुला नेमकं माहीत असेल, उदाहरणार्थ फिजिक्स, तर एक वर्ष दे, मनापासून दे. एकच. तिसऱ्या-चौथ्या अटेम्प्टला मुलं आतून रिकामी होतात, कॉलेज रोडच्या क्लासेसच्या बाहेर असे चेहरे मला ओळखू येतात. आणि नाही झालं तर नर्सिंगला जाताना हरले म्हणून जाऊ नको, तुझ्या पहिल्या कारणासाठी, सेवेसाठी, तीच सरळ वाट होती हे लक्षात ठेव.

पण ठरवायच्या आधी एक काम कर. दोन दिवस माझ्या ओपीडीत कोपऱ्यात बसायला ये, आईला घेऊन आलीस तरी चालेल, आणि मावशीला विचारून, त्यांच्या मेट्रनची परवानगी मिळाली तर, एक दिवस त्यांच्या वॉर्डातही थांब. मोबाइल बॅगेत ठेव. पेशंट आत आला की तुझं लक्ष कुठे जातं ते बघ. त्याला उठायला त्रास होतोय, कोणीतरी हात द्यायला हवा, याच्याकडे जातं, की याचे पाय कशामुळे सुजले असतील, किडनी की हृदय की लिव्हर, याच्याकडे जातं? दोन्हीकडे जाईल, पण आधी कुठे जातं ते बघ, आणि रात्री घरी गेल्यावर काय आठवत राहतं तेही. मग मला लिही, आपण फॉर्म भरायच्या आधी परत बोलू.